शोभेची स्ट्रॉबेरी

कुंडीत मला केसांचा आकडा सापडला. अंबाड्याला खोचतात तसला, यू आकाराचा, काळा. रविवारची सकाळ होती, गणपती नुकतेच होऊन गेले होते, पितृपक्ष चालू होता, आणि मी बाल्कनीत उकिडवी बसून स्ट्रॉबेरीच्या कुंड्यांतली पिवळी पानं काढत होते. कुणी म्हणेल, आकडा सापडला यात काय एवढं? तर आमच्या घरात आकडा लावण्यासारखे केस कुणालाच नाहीत. माझे मानेपर्यंत, कॉलेजपासून तसेच. सासूबाईंची आता बोटभर शेपटी उरलीय, तिला त्या रबरबँड लावतात. सुजयचं तर कपाळच वर वर सरकत चाललंय. म्हणजे आकडा अश्लेषाचा. अश्लेषा सुजयची पहिली बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली. इथपर्यंतही मी समजू शकले असते, कारण गेलेल्या माणसाच्या वस्तू घरात सापडत राहतात, कितीही आवरलं तरी. पण लोखंडाचा आकडा चार पावसाळे मातीत राहिला तर गंजून हातात तुटेल. हा चकचकीत होता. आणि तो नुसता पडलेला नव्हता. नुकत्याच फुटलेल्या एका कोवळ्या फांदीला मातीशी धरून ठेवण्यासाठी कुणीतरी तो नेमका, हलक्या हाताने खोचला होता. मी तो उपटला आणि मग घाबरून होता तसा परत खोचला. मग आपण का घाबरलो म्हणून स्वतःवरच चिडले. नोएडात एका कंपनीत मी दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. एखादी गोष्ट जिथे नसायला हवी तिथे दिसली की ती कुठून आली ते हुडकल्याशिवाय मला चैन पडत नाही. इथे मात्र हुडकायचं धाडस होईना. मी हात धुतले, चहा टाकला आणि चहा टाकताना लक्षात आलं की आपण आलं किसून नाही, ठेचून घालतोय. आमच्या चिंचवडच्या घरी आलं किसायची पद्धत. ठेचायची पद्धत या घरातली. म्हणजे कुणाची, ते विचारायला नको.

ही स्ट्रॉबेरी खायची नव्हे, शोभेची. खायच्या स्ट्रॉबेरीला पांढरी फुलं येतात, हिला गुलाबी. थंडीत बाल्कनीच्या कठड्यावरून सगळी झालर गुलाबी होऊन खाली लोंबते तेव्हा खालून जाणारी माणसं मान वर करून बघतात. फळ धरतं, नाही असं नाही, पण वाटाण्याएवढं आणि चवीला पाणीच. सासूबाई म्हणतात, "ना खायच्या कामाची, ना देवाला वाहायच्या." अश्लेषाने हे रोप हिमाचलातल्या पालमपूरहून आणलं होतं, ट्रेनमध्ये मांडीवर धरून. दिल्लीत असल्या रोपांचं लोक काय करतात तर ऑक्टोबरात आणतात, मार्चपर्यंत फुलं बघतात आणि मे महिन्यात लूच्या झळा सुरू झाल्या की वाळलेली कुंडी कचऱ्याच्या डब्याशी ठेवून येतात. आमच्याकडची मेली नाहीत. उन्हाळ्यात मी त्यांना बाल्कनीतून उचलून मधल्या पॅसेजमध्ये आणते, कूलरच्या वाऱ्यात ठेवते, भर दुपारी त्यांच्यावर ओला पंचा पडलेला असतो. आणि पावसाळा आला की ती लांब लांब फांद्या सोडायला लागतात. सुजय त्यांना रनर म्हणतो. फांदी कुंडीबाहेर पडते, चाचपडत जाते, जिथे मातीला टेकते तिथे टोकाशी पानांचा झुबका धरते आणि तिथेच मूळ टाकते. मूळ धरलं की मधली फांदी कापायची. झालं नवं रोप. मातीशी ती हलू नये म्हणून तिच्यावर काहीतरी अडकवावं लागतं, तार किंवा काडी. किंवा आकडा. मूळ रोप दोन-तीन वर्षांत जून होऊन संपतं, म्हणजे अश्लेषाने मांडीवर धरून आणलेलं ते रोप केव्हाच गेलं असणार. पण रनरमधून येणारं रोप म्हणजे मुलगी नव्हे. बी नाही, परागकण नाही, दुसरं कुणी मध्ये नाही. ते तेच रोप असतं, पुढे सरकलेलं. हे जेव्हा मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ऑफिसातून घरी येताना मेट्रोत होते, आणि मला उगाच थंडी वाजली होती. तुळशीच्या कुंडीत ती शिरली होती. कोरफडीच्या कुंडीत शिरली होती. पाणी जायच्या पन्हळीत थोडा गाळ साचलेला, तिथेही तिने मूळ टाकलं होतं.

मी या घरात आले तेव्हा छत्तिशी ओलांडलेली होते आणि माझं पहिलंच लग्न होतं. माझ्या मावशीने फोनवर आवाज खाली आणून आईला विचारलं होतं, "म्हणजे दुसरेपणावर देणार?" जसं काही मी दुकानातली थोडी उसवलेली साडी. त्याच मावशीने मला सांगितलं की पूर्वी दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात सवतीचा टाक घालत, चांदीच्या छोट्या पत्र्यावर कोरलेली बाई. का, तर पहिलीचा मान आधी. नवी साडी नेसायची तर आधी तिला दाखवायची, गोडाचा घास खायचा तर आधी तिला. मी हसले होते. मयूर विहारच्या को-ऑपरेटिव्ह सोसायटीत, लिफ्ट आणि आरओचं पाणी असलेल्या फ्लॅटमध्ये कुठला आलाय टाक? आणि खरंच, सासूबाईंनी असलं काही काढलं नाही. त्यांची हयात दिल्लीत गेलेली. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये संसार, पहाडगंजच्या मराठी शाळेत नोकरी, सासरे गेल्यावर या फ्लॅटमध्ये. बाई हुशार, कडक आणि न्यायाने वागणारी. मला त्या कधी टोचून बोलल्या नाहीत. फक्त एक. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "अगं", "ऐकतेस का", "चहा झाला का गं". पहिले काही महिने मला वाटलं सवय व्हायचीय. मग वाटलं, तोंडात दुसरं नाव येईल या भीतीने टाळत असतील. दारावरच्या पाटीवर फक्त आडनाव आहे, त्यामुळे तीही बदलावी लागली नाही. सोसायटीतल्या बायका भेटल्या की म्हणत, "आप तो बिल्कुल उसी के जैसी हो." दिसायला आम्ही एकमेकींसारख्या मुळीच नाही. मी फोटो निरखून पाहिलेत. ती उंच, कंबरेपर्यंत केस, हसताना डोळे बारीक व्हायचे. पण मी कठड्याशी उभी राहून त्या झाडांना पाणी घालताना खालून दिसते ती कुणीही असू शकते. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी बाल्कनीत गेले, झाडं सुकलेली दिसली, पाणी घातलं. सुजय दारात येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी मनाशी ठरवून टाकलं, ही झाडं मरू द्यायची नाहीत. या माणसाने एक मरण पाहिलंय, ते पुन्हा थोडं थोडं कुंडीत बघायला लागू नये. एवढ्या एका गोष्टीने मी या घरात माझी जागा करीन असं मला वाटलं. माझी. हे मला हवं होतं, आणि आजही तेवढंच हवं होतं. दुसऱ्या कुणाची नको, मला माझी जागा हवी होती.

संध्याकाळी सुजय बाल्कनीत खुर्ची टाकून बसला होता. मी सरळच विचारलं. "हा आकडा तू लावलास?"

"कुठला आकडा?"

त्याला शब्दच माहीत नव्हता. दिल्लीत वाढलेल्या या मुलांचं असं होतं, रोजचं मराठी झकास आणि मधेच एक शब्द गायब. मी वाकून दाखवला.

"अच्छा, वो पिन. हां, मीच लावली. क्यूं?" मग माझा चेहरा पाहून तो जरा सावरून बसला. "कपाटाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये पाकीट होतं. तिचं. दर वर्षी लावतो. तू ऑफिसला गेल्यावर. ही शेवटचीच होती."

"मला कधी बोलला नाहीस."

"तू इतकी जपतेस यार ही झाडं. मेहनत सगळी तुझी. एखादा रनर वाऱ्याने हलून वाया गेला तर तुला वाईट वाटेल, म्हणून."

"मला वाईट वाटेल?"

"मग कुणाला?"

मी म्हणाले, "सुजय, मला ही झाडं आवडत नाहीत. कधीच नाही आवडली. मी ती तुझ्यासाठी जगवते."

त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "मी तर ती टाकूनच देणार होतो. लग्नाच्या आधी, नवं घर सुरू करायचं म्हणून. मुद्दाम पाणी बंद केलं होतं. मला नाही बघवत ती, तेजू. पण तू पहिल्याच सकाळी उठून पाणी घालायला लागलीस. मी काय बोलणार? वाटलं, किती मोठ्या मनाची आहे ही."

म्हणजे त्या सकाळी त्याच्या चेहऱ्यावर जे मी पाहिलं होतं ते हे होतं. आतून भांडं ठेवल्याचा आवाज झाला आणि सासूबाई दारात आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "आणि जूनमध्ये भर दुपारी मी मेली ओला पंचा टाकत बसते, ती कुणासाठी? तुम्हा दोघांचं वेड म्हणून. मला मेलीला काय करायचीत?" आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि हसू आलं, म्हणजे सुरुवातीला आलं. सुजयचं मोठं, सासूबाईंचं तोंडावर पदर धरून, माझं त्यांच्या मागोमाग. मग एकेक करून ते थांबलं. कुणालाच नको असलेलं ते झाड कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं होतं. एकाने पाणी घातलं, एकाने रनर बांधले, एकाने उन्हात सावली धरली. ठरवून केलं असतं तरी इतकं नीट झालं नसतं. आता कुणीतरी म्हणायचं होतं, मग काढून टाकू या. अगदी सोपं वाक्य. सुजयने तोंड उघडलं आणि कठड्याकडे पाहिलं. सासूबाईंनीही पाहिलं. माझीही नजर तिकडे गेली. वारा मुळीच नव्हता तरी ती पानं आपली हलल्यासारखी वाटली, तीन तीन पानांचे ते झुबके, सगळे आमच्याकडे तोंड केलेले. ऐकणारं माणूस समोर असताना त्याच्याबद्दल बोलू नये तसं वाटून तिघंही गप्प बसलो. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "उद्या नवमी आहे," आणि आत निघून गेल्या.

नवमी म्हणजे अविधवा नवमी. नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईचा पितृपक्षातला दिवस. तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवायला बोलवायचं, तिची ओटी भरायची, आणि तेवढ्या वेळापुरती तीच आलीय असं मानायचं. आमच्याकडे तळमजल्यावरची सुरुची यायची. गुणी बाई, गप्पिष्ट, वरणभातावर तूप मागून घेणारी. ती जेवून निघाली की सासूबाई तिला दारापर्यंत पोचवायला जायच्या, दारातून लिफ्टपर्यंत, एका वर्षी तर लिफ्टमधून खाली तिच्या घरापर्यंत. दोन मजल्यांसाठी हे काय, असं मला तेव्हा वाटलं होतं. नंतर सुजयने सांगितलं. त्या एप्रिलमध्ये, जेव्हा सगळ्या शहराला श्वास पुरत नव्हता, अश्लेषाला न्यायला माणसं आली तेव्हा त्याने आईला खोलीत घालून बाहेरून कडी लावली होती. सत्तरीच्या बाईला लागण व्हायला नको म्हणून. सासूबाई आतून दार वाजवत राहिल्या. अश्लेषा स्वतःच्या पायांनी चालत लिफ्टपर्यंत गेली, आणि परत आली नाही. सुजयलाही त्या माणसांनी दूर उभं केलं होतं, तिला दारापर्यंत पोचवायला कुणी नव्हतं. नंतरचं सगळंही असंच, दुरून, प्लास्टिकमधून, दहा माणसांच्या रांगेत. म्हणून ही नवमी सासूबाई कधी चुकवत नाहीत.

सोमवारी मी रजा टाकली होती. सकाळपासून खीर, वडे, आमसुलाची चटणी, आणि राजमा. श्राद्धाच्या पानात राजमा वाढणारं आमचं बहुधा एकमेव घर असेल, पण अश्लेषाला तो जीव की प्राण होता आणि त्या बाबतीत सासूबाई कुठल्या शास्त्राला जुमानत नाहीत. पानं घ्यायची वेळ झाली आणि सुरुचीचा फोन आला. तिचे चुलतसासरे पहाटे नागपूरला वारले, तिला सुतक. सासूबाई फोन हातात धरून बसूनच राहिल्या. सुजय म्हणाला, "समोरच्या भाटिया आंटींना बोलावू." त्या दारात आल्या, हात जोडले, म्हणाल्या, "बेटा, कनागत का खाना हम लोग दूसरे के घर नहीं खाते जी. बुरा मत मानना." कनागत म्हणजे त्यांच्याकडचा पितृपक्ष. दुसरी ओळखीची मराठी बाई राहायची आर. के. पुरमला, ती येईपर्यंत दिवस कलला असता. खीर गार होत होती. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून मान काढली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "तूच बस गं."

"मी?"

"सवाष्ण आहेस. घरात आहेस. आणखी काय लागतं?"

"आई, पण मी… तिच्या जागेवर…" सुजय म्हणाला, "आई, हे जरा अतीच होतंय." पाटाशेजारी त्यांनी रांगोळी काढली होती, ती त्यांच्याकडून थोडी पुसली गेली, ती बोटाने नीट करायला लागल्या, तर आणखी पुसली, पुन्हा काढू लागल्या. ते बघवेना म्हणून मी बसले. दोन वर्षं जी गोष्ट टाळण्यासाठी धडपडले तिच्याच पाटावर आपल्या पायांनी जाऊन बसले. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं. गजरा आणला होता, तो माळायला माझ्या मागे आल्या. माझ्या केसांत गजरा टिकणार कसा? त्यांनी दोनदा लावला, दोनदा घसरला. मग त्या बाल्कनीत गेल्या आणि ओल्या पदराला काहीतरी पुसत आल्या. मानेवर थंड लोखंड टेकलं आणि मातीचा वास आला. "आता बसेल," त्या म्हणाल्या.

मी जेवू लागले. राजमा मला आवडत नाही, पित्त होतं. त्या दिवशी लागला. इतका लागला की पहिल्या घासालाच मी वर पाहिलं, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून. सासूबाई समोर बसल्या होत्या, पंखा चालू असतानाही हातात विणलेला पंखा घेऊन मला वारा घालत होत्या, आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या पण माझ्याकडे नाही. "सावकाश जेव," त्या म्हणाल्या. "अजून घे, अश्लेषा." मी वाडगा पुढे केला. हात माझाच होता, मनगटावर घड्याळाचा पट्टा बसून पांढरी पडलेली रेघ माझीच होती, पण तो पुढे करायचं कुणी ठरवलं ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्यांदा वाढलं, तिसऱ्यांदा वाढलं. गळ्याशी आलं तरी मी खात होते. मला भीती वाटायला लागली होती. साधीच भीती, की आता ताटावरून उठल्यावर मी मला सापडले नाही तर? इतकी वर्षं जिने चहात आलं किसून घातलं ती कुठे गेली असेल? बाल्कनीचं दार उघडं होतं आणि उंबऱ्यावरून एक रनर आत आला होता, टाइल्सवर पडला होता, मूळ टाकायला जागा शोधत.

सासूबाईंचा पंखा थांबला. "तुला एकटीच जाऊ दिली गं," त्या म्हणाल्या. "मी आतून हाका मारत होते. ऐकू आल्या का तुला? मी दार वाजवत होते. तुला वाटलं असेल, म्हातारी जिवाला घाबरून बाहेर आली नाही." सुजय भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. "रागावलीस का?"

उत्तर द्यायला खोलीत मी एकटीच होते. तिचं उत्तर द्यायचा मला अधिकार नव्हता, आणि न देण्याचाही नव्हता. "नाही, आई," मी म्हणाले. "ऐकू आल्या हाका." माझा आवाज मला बारीक आणि लांबचा वाटला. सासूबाईंनी पदराने तोंड झाकलं आणि मोठ्याने रडल्या. शाळेत पोरांना धाक घालणारी ती बाई लहान मुलीसारखी, हुंदके देत. मग तोंड पुसून उठल्या, माझ्या ओटीत तांदूळ, नारळ, खण घातला आणि म्हणाल्या, "सुजय, तिची कुंडी आण. तिचं तिला देऊन टाकू."

ती म्हणजे निळी चिनीमातीची कुंडी, अश्लेषाने रोप आणलं तेव्हा ते जिच्यात लावलं होतं ती. यंदाचेही सगळे रनर तिच्यातूनच निघालेले. सुजयने ती उचलली तशा सगळ्या फांद्या तिच्यामागून ताणल्या गेल्या, तुळशीच्या कुंडीतली, कोरफडीतली, पन्हळीतली, आणि त्यांच्या टोकांवरच्या छोट्या कुंड्या कठड्यावर सरकायला लागल्या. त्याने स्वयंपाकघरातली कात्री आणली. फांदीला लावली आणि तसाच उभा राहिला. मला म्हणाला, "तू सांग." कुणाला विचारत होता ते त्यालाही ठाऊक नसावं. मी म्हणाले, "सगळ्यांनी मुळं धरलीत सुजय. काप." त्याने एकेक करून कापल्या. काही झालं नाही. पानं तशीच टवटवीत उभी राहिली.

ओटी पदरात आणि कुंडी दोन्ही हातांत घेऊन मी दाराकडे निघाले. सासूबाई माझ्या पाठीवर हात ठेवून बरोबर आल्या. दार त्यांनीच उघडलं, आपल्या हाताने कडी काढून. मी बाहेर आले. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, डोळे भरून पाहिलं, म्हणाल्या, "सांभाळून जा हो," आणि दार लावून घेतलं. आतून कडी लागल्याचा आवाज झाला.

मी जिन्याच्या चौकात उभी राहिले. फोन आत, किल्ल्या आत, पायांत चप्पल नाही. दुपारची वेळ, सगळी दारं बंद, भाटियांकडच्या टीव्हीचा आवाज. सवाष्ण जेवली, ओटी घेतली, आता तिने जायचं असतं. आणि माझे पाय खरोखर लिफ्टकडे वळले. दोन पावलं मी गेलेही. कुठे निघाले होते? मला ठाऊक नाही. पण त्या दोन पावलांत मला मागे वळावंसं वाटत नव्हतं, आणि ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. कुंडी एका हाताने कडेवर धरून लिफ्टचं बटण दाबायला दुसरा हात वर केला, त्या हिसक्याने केसांतून काहीतरी सुटलं आणि फरशीवर टणकन पडलं. आकडा. त्याच्यामागून गजराही खाली आला. माझ्या आखूड केसांत तो टिकणार नव्हताच. मी खाली बसले, आकडा उचलला आणि निळ्या कुंडीतल्या मातीत खोचला. जिन्याच्या खिडकीत ऊन येतं तिथे कुंडी ठेवली, गजरा तिच्याभोवती गुंडाळला, पदरातली ओटी तिच्याशेजारी ठेवली. थोडा वेळ तिच्याजवळ बसले. जिवंतपणी जिला मी कधी पाहिलं नाही तिच्यासाठी मला रडू आलं, पहिल्यांदाच, आणि ते माझं होतं. मग उठून आमच्या दाराची बेल वाजवली.

पावलं आली. दाराशी थांबली. "कोण?" सासूबाईंनी विचारलं.

घरातली माणसं अशा वेळी म्हणतात, मी. तेच तोंडाशी आलं होतं. या दाराबाहेरून अश्लेषाही कितीदा तेच म्हणाली असेल, मी. मी ते गिळलं. "तेजश्री," मी म्हणाले. ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा, चांगलं मोठ्याने म्हणाले, "आई, तेजश्री आलेय." समोर भाटियांचा टीव्ही बारीक झाला.

मग कडी निघाली. सासूबाईंचे डोळे सुजलेले होते, पण पदर खोचलेला होता आणि हातात वाढायचा डाव होता. त्यांनी मला पाहिलं, माझे विस्कटलेले केस, रिकामे हात, अनवाणी पाय.

"ये, तेजश्री," त्या म्हणाल्या. "कुठे गेली होतीस? तुझं पान वाढायचं राहिलंय. सुजय पण तुझ्यासाठी खोळंबलाय."

आणि मला, गळ्याशी येईपर्यंत जेवलेल्या मला, सपाटून भूक लागली होती.